काचेच्या भांड्याखालचं नाव

बर्नाडीन कोस्तेल्निकनं एकतीस वर्षं दातांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नावनोंदणीच्या टेबलाशी काढली. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या दक्षिणेकडच्या त्या उपनगरात कोणाची कवळी किती जुनी आणि कोणाचा नवरा दुखऱ्या दाढेचं निमित्त करून घराबाहेर सटकतो, हे पाद्रीबाबांच्याही आधी बर्नाडीनला कळायचं. ती म्हणायची, "गाल बधिर झालेला माणूस खोटं बोलत नाही. त्याला तेवढं लांब वाक्यच जमत नाही."

तिला वेड एकच, खुनाच्या कादंबऱ्यांचं. तेही शहरातल्या गल्लीबोळांतल्या खुनांचं नव्हे. शांत वस्ती, कापलेली हिरवळ, दारात रंगवलेली टपालपेटी आणि तळघरात प्रेत, असं असेल तरच बाईला चहा गोड लागायचा. खुद्द मेपलक्रेस्ट कोर्टात, म्हणजे तिच्या गल्लीत, चाळीस वर्षांत गुन्हा घडला तो एकच. एकीच्या ओट्यावरच्या शोभेच्या सिमेंटच्या बदकाला घातलेला पिवळा रेनकोट कोणीतरी पळवला होता. पोलीस आले, बदकाकडे बघून गेले. बर्नाडीनला ते फार लागलं. एवढी नीटनेटकी गल्ली आणि एक धड खून नाही!

म्हणून निवृत्तीनंतर तिनं तो स्वतःच केला. कागदावर. दोन वर्षं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून तिनं कादंबरी लिहिली आणि गावातल्या छापखान्यातून दोनशे प्रती काढल्या. नवरा स्टॅन म्हणाला, "मी वाचणार नाही. त्यात मी मेलो असेन तर झोप लागायची नाही."

"तुला मारायला दोनशे पानं कशाला लागतात?" बर्नाडीन म्हणाली.

आता त्या भागातली एक रीत सांगायला हवी. कोणाच्या घरी मयत झालं की बायका काचेच्या भांड्यात बटाटे आणि चीज ओव्हनमध्ये भाजून नेऊन देतात. भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर आपलं नाव असतं, म्हणजे रिकामं भांडं बिनबोभाट घरी परत येतं. शेजारच्या डेल्फीन ग्राबोव्स्कीला मात्र तेवढाही धीर नसायचा. माणूस पुरला की तिसऱ्या दिवशी बाई दारात हजर. "दुःख मोठं आहे गं तुझं. भांडं रिकामं झालं का?"

बर्नाडीनच्या कादंबरीतली खुनी बाई नेमकी तिथंच सापडते. बटाट्यात विष घालून शेजाऱ्याला मारते, सगळे पुरावे पुसते, आणि तिसऱ्या दिवशी भांडं न्यायला परत येते. दारात पोलीस उभा. बुडाला नाव.

पुस्तकात नाव दुसरंच होतं हो. पण तिसरा दिवस वाचल्यावर गल्लीत कोणाला सांगावं लागलं नाही. लोकांनी हसून हसून पोट धरलं. डेल्फीन हसली नाही. चाळीस वर्षं रोज सकाळी ती मागच्या दारानं कॉफीला यायची. ती यायची थांबली. पहिल्या दिवशी बर्नाडीनला वाटलं, सर्दी असेल. चौथ्या दिवशी तिनं दुसरा कप मांडायचं सोडलं. स्टॅननं मग स्वतःचा कप तिथं सरकवला आणि डेल्फीनच्या खुर्चीत बसून घोरूही लागला. त्याची आणि डेल्फीनची कुठं तुलना!

"जाऊन माफी माग," स्टॅन म्हणाला.

"कशाची? ती खुनी नाही, असं सांगायला जाऊ? मग ती म्हणेल, म्हणजे तुला शंका होती!"

पुढच्या रविवारी चर्चच्या तळघरात वार्षिक जेवण होतं. लांब टेबलावर बायकांनी आपापली भांडी मांडली. डेल्फीनचं भांडं दरवर्षी सगळ्यांत आधी खरवडलं जायचं. यंदा लोक तिथवर यायचे, खाली वाकून बुडाचं नाव बघायचे, गालात हसायचे आणि पुढच्या कोबीकडे वळायचे. गंमत म्हणूनच, पण भांडं भरलेलंच. डेल्फीन टेबलामागे ताठ उभी होती. हातातला मोठा चमचा कोरडा.

 गल्लीत खून हवा होता तो बर्नाडीनला. भोगत होती डेल्फीन. बर्नाडीन उठली, रांग मोडून पुढं गेली आणि ताट धरलं.

"वाढ."

"विष आहे," डेल्फीन म्हणाली.

"माहीत आहे. मीच घातलंय. कडेचं खरपूस वाढ."

सगळ्यांच्या देखत, उभ्यानंच, तिनं मोठा घास घेतला. आणि मिरपूड कुठंतरी आडमार्गानं गेली. बर्नाडीन खोकली. मग आणखी खोकली. चेहरा बीटासारखा लाल.  पाद्रीबाबांचा हात क्रूसाची खूण करायला आपोआप कपाळाकडे गेला.

डेल्फीननं टेबलाला वळसा घालून तिच्या पाठीत असा गुद्दा हाणला की सूपचे वाडगे हलले. "मेलीस तर बघ! चाळीस वर्षांची शेजारीण आणि मरायला हाच मुहूर्त सापडला?"

बर्नाडीनचा श्वास परतला. आधी ती हसली, मग डेल्फीन, मग सगळं तळघर. लोक ताटं घेऊन उठले.

"डेल्फीन, खरंच चुकलं गं," बर्नाडीन डोळे पुसत म्हणाली. "तुला खुनी करायला नको होतं."

"खुनी?" डेल्फीननं डोळे वटारले. "त्याचं कोणाला काय! पन्नास वर्षं संसार केलाय, एखादा खून माझ्या हातून झाला असता तर कोणी नवलही केलं नसतं. पण तू लिहिलंस की मी बटाट्यात विकतच्या डब्यातलं मशरूमचं सूप ओतते. डब्यातलं! अख्ख्या गावानं वाचलं! सॉस मी घरी करते, लोण्यात पीठ परतून. तुला हे ठाऊक नाही?"

 बर्नाडीन खुर्चीवर चढली. गुडघा कुरकुरला, स्टॅन ओरडला, ती चढलीच.

"ऐका सगळ्यांनी! माझ्या पुस्तकात एक भयंकर चूक झाली आहे. चौदाव्या प्रकरणातलं सूप डब्यातलं नव्हतं. विष डब्यातलं होतं, सॉस घरचा होता!"

टाळ्या पडल्या. एक बाई म्हणाली, "मग डेल्फीन, कृती तरी सांग की."

डेल्फीन तोवर वाढण्यात गुंतली होती. मान वर न करता म्हणाली, "खून हवा तर शिकवते. सॉस मिळायचा नाही."