तिसरीचं नाव

चौलच्या ग्रामपंचायतीत जन्माचे दाखले करणारे भाऊ खुर्चीत नीट बसलेले मी कधी पाहिलेच नाहीत. मी गावची आशाताई, नव्या जन्मांचे कागद घेऊन दर आठवड्याला जाते, आणि दर आठवड्याला ते टेबलावर थाप मारतात, "ऐका, ऐका!" मग रोमन लोकांची नावं सुरू. त्यांची जहाजं एके काळी आपल्या चौलच्या बंदरात लागायची, म्हणून भाऊंना ते घरच्या पाहुण्यांसारखे वाटतात. "आपल्यासारखंच, ताई! स्वतःचं नाव, कुळाचं नाव, वर टोपणनाव!"

परवा एक बाप आला. म्हणाला, "तिसरी पोर हाय. लिवा कायपन."

भाऊ ताडकन उठले. "ऐका, ऐका! रोमन असंच करायचे! सगळ्या मुलींना कुळाचं एकच नाव, आणि वर नंबर. पहिली, दुसरी, तिसरी! एवढे शहाणे लोक, आणि मुलींच्या वेळी नावं संपली! माझ्या रजिस्टरात नंबर चढणार न्हाय. पोरीच्या आईला फोन लाव."

बापाने कुरकुरत फोन लावला. भाऊंनी तो स्पीकरवर टाकला. "बाय, पोरीचं नाव काय ठेवायचं?"

"रेवती," ती लगेच म्हणाली. "पोटात होती तवाच ठरवलंय. कुनी इचारलंच न्हाय."

"ऐका, ऐका!" भाऊ ओरडले, आणि अख्ख्या पंचायतीला ऐकू जाईल अशा आवाजात ते नाव म्हणत म्हणत त्यांनी रजिस्टरात लिहिलं.