मी माफ केलेला माणूस

ते चाक मी बसवलं होतं.

पाच शब्दांचं वाक्य आहे, पण ते मोठ्यानं बोलायला मला सात महिने लागले. मी आठवीच्या वर्गाला विज्ञान शिकवतो. उत्तर चुकलं तर खोडा, लपवू नका, असं दर वर्षी मुलांना सांगतो. म्हणून ते वाक्य आधीच लिहून टाकलं. पुढचं वाचताना तुमचा राग निदान योग्य माणसावर राहील.

ज्यांच्याबद्दल लिहितो आहे, त्यांना सोलापुरात आमच्या भागात सगळेच मामा म्हणत. पाण्याच्या टाकीखाली त्यांचं सायकल दुरुस्तीचं पत्र्याचं दुकान होतं. कुठलीही सायकल आली की ते आधी ती उलटी करत, चाकाला एक गिरकी देत, थांबवत, आणि डोळे अर्धवट मिटून एकेका तारेला नखानं छेडत जात. तंबोरा लावणारा माणूस तुम्ही पाहिला असेल तर तसंच. फरक इतकाच की मामांना त्यातलं काही ऐकू येत नसे.

उमेदीची वीस-बावीस वर्षं त्यांनी यंत्रमागावर चादरी विणण्यात काढली होती. त्या खडखडाटात डावा कान पुरता गेला आणि उजवा अर्धा. कारखाना बंद पडला तेव्हा त्यांच्याकडे उरली ती बोटं. ताण्यातला सैल धागा हात फिरवून ओळखणारी बोटं आता चाकातली सैल तार ओळखू लागली.

"कानानं न्हाय सर, बोटानं ऐकायचं असतंय," ते म्हणत.

या बहिरेपणामुळे त्यांच्या दुकानात कुणाचं काही गुपित राहत नसे. पंक्चर झालंय एवढं सांगायचं तरी समोरच्या रसवंतीपर्यंत आवाज जायचा. एकदा आमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी सीट थोडी मऊ हवी म्हणून सांगितलं आणि का हवी तेही सांगितलं. पुढं आठवडाभर रसवंतीवाला त्यांची आस्थेनं चौकशी करत होता.

मामांचं आणखी एक वाक्य होतं. काम झालं की सायकल सरळ करून सीटवर थाप मारत आणि म्हणत, "माझ्या हाताखालनं गेली की ती माझी. काय झालं तर मला येऊन विचारायचं." विचारायला यावं लागलेलं कुणी मी तरी पाहिलं नव्हतं.

सत्तेचाळिसाव्या वर्षी डॉक्टरांनी मला चाला म्हणून सांगितलं आणि मी त्याचा अर्थ सायकल घ्या असा लावला. पहाटे रंगीत कपड्यांत विजापूर रोडनं सुसाट जाणारी माणसं मी बरीच वर्षं स्कूटरवरून बघत होतो. त्यांच्या ग्रुपचे म्होरके म्हणजे नवी पेठेत कापडाचं दुकान असलेले शेठ. त्यांनी मला ग्रुपमध्ये घेतलं आणि पुण्यातल्या दुकानाचा पत्ता दिला.

तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. गडद निळा रंग, त्यावर बारीक चंदेरी रेघ. दुकानातल्या माणसानं सायकल माझ्या हातात दिली आणि मी ती सवयीनं जोर लावून उचलली, तर जवळजवळ छताला लागली. साडेआठ किलो. तो माणूस गिअर, ब्रेक, चाक काढायची खिट्टी, सगळं समजावून सांगत होता. "बघितलंत ना सर?" असं त्यानं दोनदा विचारलं. मी हो म्हणालो. मी त्या चंदेरी रेघेकडं बघत होतो.

सोलापुरात आल्यावर पहिल्यांदा दाखवली ती मामांना. त्यांनी हात धोतराला पुसले, तर्जनी दांडीखाली घातली आणि एका बोटावर सायकल उचलली.

"सर, ही सायकल हाय का सायकलीची सावली?"

"साडेआठ किलो आहे मामा!" मी ओरडून सांगितलं.

त्यांचा विश्वास बसेना. शेजारी भंगारवाला होता. मी नको नको म्हणेपर्यंत माझी निळी सायकल त्याच्या काट्यावर, जुन्या पत्र्यांच्या जागी टांगली गेली होती. चार माणसं जमली. भंगारवाल्यानं आकडा वाचला आणि सवयीनं म्हणाला, "काय भाव लावायचा?"

मामा पोट धरून हसले. मग त्यांची तपासणी सुरू झाली. स्टँड कुठं आहे? नाही. कॅरिअर? नाही. मडगार्ड? तेही नाही.

"घंटी पण न्हाय? मग म्होरं म्हातारी आली तर काय करायचं?"

"ओरडायचं मामा."

"मला आडवं येऊ नका म्हंजे झालं. मला ऐकू यायचं न्हाय." आणि त्यांनी डबा उपसून एक पितळी घंटी काढली आणि लावून दिली. ग्रुपमधले तिला हसले, पण मी ती काढली नाही.

पुढच्या चाकाच्या आसावर एक खिट्टी होती. पाना न लावता चाक काढता यावं म्हणून. अशी खिट्टी मामांनी आयुष्यात पहिल्यांदाच पाहिली. त्यांनी ती उघडली, मिटली, पुन्हा उघडली, आणि मला जवळ बोलावलं.

"सर, ही नळागत फिरवायची न्हाय बरं का. मिटवायची. पापणीगत. मिटताना तळहाताला जरा दुखलं पाहिजे, मग बसली म्हणायची."

"माहीत आहे मामा. तरफ आहे ती. मी शिकवतो मुलांना."

शिकवतो हे खरंच होतं.

दीड महिन्यानं ग्रुपनं ठरवलं की गाड्यांतून टेंभुर्णीला जायचं आणि तिथून उजनीच्या बाजूला चाळीस किलोमीटर सायकल चालवायची. आदल्या संध्याकाळी मी सायकल मामांकडे नेली. पुढचं चाक किंचित लचकत होतं. त्यांनी ते काढलं, तारा छेडल्या, सरळ केलं, बसवलं, खिट्टी मिटली आणि सीटवर थाप मारून नेहमीचं वाक्य म्हटलं.

घरी येऊन मी ते चाक पुन्हा काढलं. सायकल गाडीच्या मागच्या सीटवर मावत नव्हती.

सकाळी टेंभुर्णीला सगळे निघायच्या घाईत होते. शेठ फोटोसाठी हाका मारत होते. मी चाक बसवलं आणि खिट्टी गरगर फिरवत घट्ट केली. नळागत.

सातव्या-आठव्या किलोमीटरला गतिरोधक आला. पुढच्या दोघांनी हँडल उचलून त्यावरून सायकल उडवली. मीही उचललं. चाक माझ्या पुढं गेलं, एकटंच. नंतरचं आठवतं ते आभाळ आणि कुठंतरी वाजलेली पितळी घंटी.

खांद्याजवळचं हाड मोडलं. सोलापुरात आणून दवाखान्यात ठेवलं. शेठनी विचारलं, "चाकाला शेवटचा हात कुणी लावला होता?"

मी म्हणालो, "काल संध्याकाळी मामांनी चाक काढलं होतं."

बघा, या वाक्यात एकही शब्द खोटा नाही. शेठनी दुपारीच ग्रुपवर लिहिलं की मामांकडे यापुढे कुणी सायकल टाकू नये. तिथून ते सगळ्या भागात गेलं.

कुणी म्हणेल, मार लागला होता, आठवलं नसेल. तसं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर टेंभुर्णीचा फोटो आला. मी हेल्मेट घालून हसतो आहे आणि पुढच्या चाकाची खिट्टी सरळ बाहेर आलेली आहे. सताड उघडी पापणी. मी फोटो मोठा करून पाहिला आणि मोबाइल उशीखाली ठेवला.

त्याच संध्याकाळी मामा आले. हातात शेंगाचटणीची पुडी. खाटेपाशी उभे राहून ते त्यांच्या नेहमीच्या आवाजात बोलले, म्हणजे सगळ्या वॉर्डाला ऐकू गेलं.

"सर, माझ्या हातनं चुकलं. बोटं फसली माझी. माफ करा."

नर्स म्हणाली, "आजोबा, हळू." समोरच्या खाटेवरचा माणूस उठून बसला.

मला तेव्हा बोलता आलं असतं. मोबाइल उशीखालीच होता. मी म्हणालो, "असू द्या मामा. माणसाकडून होतं."

ते त्यांना ऐकू आलं नाही. मग माझ्या बायकोनं त्यांच्या कानाशी जाऊन मोठ्यानं सांगितलं, "ते म्हणतायत, राग नाही! माफ केलं!" तिला खरं काहीच माहीत नव्हतं. मामांनी मला दोन्ही हात जोडले. मी डोळे मिटून घेतले. दुखतंय असं सगळ्यांना वाटलं.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. मी टाकीखालून जाणं टाळू लागलो, पण दिसायचं ते दिसतच होतं. मामा आता तारा छेडत नव्हते. पान्यानं आवळायचे आणि पुन्हा आवळायचे. इतकं की तारा तुटू लागल्या. प्रत्येक नटावर खडूची खूण करू लागले. सीटवरची थाप बंद झाली. गिऱ्हाइकाला म्हणायचे, "तुमी बघा बरं एकदा. मला काय समजंना झालंय." पुढं पुढं फक्त पंक्चर काढायचे. मग एक दिवस पत्र्याला कुलूप दिसलं.

रसवंतीवाल्यानं सांगितलं, "मामा आता भिवंडीला लेकीकडं चाललेत. कायमचे. म्हणतात, हातात राम ऱ्हायला न्हाय."

आज तिथं मोबाइलची कव्हरं विकणारा बसतो. मामा भिवंडीला गेले. जायच्या आठवडाभर आधी मी त्यांच्याकडे गेलो, तेवढंच सांगायचं राहिलं आहे.

निघण्याआधी मी तो फोटो पुन्हा ग्रुपवर टाकला. खिट्टीभोवती लाल गोल काढला आणि खाली लिहिलं, 'हे चाक मी बसवलं होतं. मामांनी नाही.' शेठचा फोन वाजत राहिला. तो खिशात ठेवून, पुढचं चाक काखेत मारून मी त्यांची गल्ली शोधत गेलो.

गल्लीत दारोदार बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. मामा उंबऱ्यात बसून बायकोला पानं निवडून देत होते. ती बोटं पानांवरून फिरत होती. मला बघून ते गडबडीनं उठले. "सर, या की, बसा की. हात कसाय आता?"

मी पायरीवर बसलो, चाक त्यांच्यापुढं ठेवलं आणि खाली बघत सगळं सांगितलं. पुटपुटतच सांगितलं, कारण बायका ऐकत होत्या.

"काय?" मामा म्हणाले.

त्यांच्या बायकोला ऐकू गेलं होतं. तिचे हात थांबले होते. ती त्यांच्या कानाशी वाकून तेलुगूत, त्यांच्या घरच्या भाषेत, काही सांगू लागली. मामांनी तिला हातानं थांबवलं. दुसरा हात चाकाच्या आसावर होता. त्यांनी खिट्टी उघडली, मिटली. अंगठा तिच्यावर तसाच ठेवून ते माझ्याकडे बघत राहिले.

"सरच सांगू देत," ते म्हणाले. "मोठ्यानं सांगा सर. दवाखान्यात मी सांगितलं की मोठ्यानं."

मी उभा राहिलो. विड्या वळणारे हात गल्लीभर थांबले होते.

"मामा, तुम्ही चाक नीट बसवलं होतं!" मी ओरडलो. "घरी नेऊन मी ते काढलं. परत बसवताना मी चुकलो. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं होतं, तरी मी तुम्हाला माफी मागू दिली. तुमची बोटं फसली नव्हती मामा. मला माफ करा."