चार बोटं उंच गाडी

आमच्या बागेकडे जाणाऱ्या पायवाटेला मीच एकदा रस्ता म्हणायला सुरुवात केली आणि मग त्या रस्त्यासाठी पिकअप घेतली. बाग सड्याच्या, म्हणजे कातळाच्या पठाराच्या, उतारावर आहे. कलमं बहुतेक वडिलांनी लावलेली, थोडी माझी. खाली बाग, वर डांबरी रस्ता आणि मध्ये जांभ्या दगडाचा चढ. त्या चढात एका वळणावर एक धोंडा वर आलेला होता. गाडी भरलेली असली की त्याच्यावरून जाताना पोटाला घासायची. खाली असा आवाज व्हायचा की मी आत बसल्या बसल्या सीटवरून अंग उचलायचो.

या दुखण्यावरचा उपाय मला तळेऱ्याच्या नाक्यावर दिसला. चहा पीत उभा होतो, तेवढ्यात एक पिकअप येऊन थांबली. टायर एवढे मोठे की गाडी जमिनीवर उभी आहे असं वाटतच नव्हतं. आतून उतरलेला माणूस माझ्याहून बुटका होता, पण उतरल्यावर त्याने ज्या पद्धतीने कंबरेवर हात ठेवला ती पद्धत मला फार आवडली. मी तेव्हा बावन्न वर्षांचा होतो. त्या वयात माणसाला कंबरेवर हात ठेवण्याचे प्रसंग फक्त दुखतं तेव्हाच येतात.

पुढचे पंधरा दिवस मी मोबाइलवर टायरांचे व्हिडिओ बघितले. बर्फात टायर, चिखलात टायर, वाळवंटात टायर. आमच्याकडे वाळवंट नाही. कुणकेश्वरची पुळण आहे, पण तिथे गाडी उतरवली तर देवाला आलेली माणसंच ढकलायला लागतील. तरी मी बघत राहिलो. बायको शेजारी बसून कोकमं निवडत होती. तिने एकदाच विचारलं, "ह्यो माणूस त्या बर्फात आंबे काढूक जाता काय?"

मी तिला ग्राउंड क्लिअरन्स समजावून सांगितला. तिने ऐकून घेतलं आणि पुन्हा कोकमांकडे वळली.

टायरवाला तळेऱ्याचाच. प्रामाणिक माणूस, आणि तीच त्याची अडचण होती. मी माप सांगितल्यावर तो गाडीखाली वाकला, उठला आणि हात पुसत म्हणाला, "दादा, बसतले. पण स्टेरिंग पुरा मारलात तर मडगार्डाक घासतले. मीटर कमी दाखयतलो. भरलेली गाडी चढाक वडूची नाय. मोठा चाक फिरवूक इंजिनाक जोर जास्त लागता."

"तू लाव," मी म्हटलं.

"पासिंग कधी आसा?"

"तू लाव रे."

त्याने लावले. स्प्रिंगांखाली ठोकळेही घातले. मडगार्ड आतून हातोडीने ठोकून जागा केली. तो आवाज ऐकताना मी तोंड फिरवून रस्त्याकडे बघत होतो. जुने चार टायर मागे टाकून घरी नेले आणि दोनच दिवसांत वाटून टाकले. दोन शेजाऱ्याने गोठ्यावरची ताडपत्री उडू नये म्हणून नेले, दोन माझ्या चुलतभावाने होडीच्या बाजूला बांधायला नेले. दान करताना मला कसलाही संशय आला नाही.

गाडी चार बोटं उंच झाली होती. वाडीतली माणसं येऊन बघून गेली. एकाने टायरावर हात फिरवला, दुसऱ्याने लाथ मारून बघितली. टायर बघताना लाथ का मारतात हे मला अजून कळलेलं नाही, पण त्या दिवशी प्रत्येक लाथेनंतर मी समाधानाने मान हलवली. मीटर साठ दाखवायचा तेव्हा गाडी त्याच्या बरीच पुढे पळत असायची, आणि आपल्याला एवढे सगळे हॉर्न का वाजवतात याचा विचार करत मी वळणं घ्यायचो. प्रत्येक मोठ्या वळणावर पुढचं चाक मडगार्डाला घासून खर्रकन आवाज करायचं. मी रेडिओ मोठा करायचा तोडगा काढला.

आई सत्त्याहत्तर वर्षांची. सोमवारी कुणकेश्वरला नेतो म्हणून तिला गाडीपाशी आणलं. ती दाराशी उभी राहिली, पायरीकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं.

"झिला, माका देवळात नेतंस की माडावर चढवतंस?"

मी घरातून स्टूल आणलं. ती चढली. देवळापाशी पोचल्यावर लक्षात आलं की स्टूल घरी राहिलं. शेवटी फुलं विकणाऱ्या बाईने आपली बसायची पेटी दिली. आई तिच्यावर पाय ठेवून उतरली आणि दर्शन घेऊन आल्यावर तिच्यावरच पाय ठेवून चढली. त्या बाईकडून मी गरजेपेक्षा पाच पट फुलं घेतली. त्यानंतरच्या सोमवारी आई शेजारणीबरोबर रिक्षाने गेली. मला सांगितलं नाही, म्हणजे वाईट वाटू नये म्हणून.

हंगाम सुरू झाला. आंबे भरायला आमच्याकडे तीन बाया येतात. त्यांच्यातल्या मोठीला सगळे काकी म्हणतात. वडिलांच्या वेळेपासून ती येते, त्यामुळे बागेचा मालक मी आहे हे तिला माहीत असलं तरी तिने ते कधी मनाला लावून घेतलेलं नाही. पहिल्याच दिवशी तिने आंब्याचा क्रेट डोक्यावरून उचलून गाडीच्या फळीवर ठेवायला हात वर केले आणि क्रेट फळीला आपटला.

"गाडी उंच कित्याक केलंस?"

"धोंड्याला घासत होती, काकी. फार नाही, चारच बोटं वर आली."

"तुका चार बोटां," ती म्हणाली. "माका दिसाक दीडशे क्रेट. दर क्रेटाक चार बोटां. वायंच हिशोब कर."

मी केला नाही. दुसऱ्या दिवशी तिने जांभ्याचे दोन चिरे आणून गाडीमागे ठेवले आणि त्यांच्यावर उभं राहून भरायला लागली. गाडी पुढेमागे केली की चिरे हलवायचे. ते काम माझ्याकडे आलं. मोठ्या टायरांच्या गाडीचा मालक दिवसभर दोन चिरे इकडून तिकडे नेताना वाडीने बघितला.

तेवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं. पण मे महिन्यात एकदा तळेऱ्याहून पुढे जाणाऱ्या मोठ्या ट्रकात माल द्यायचा होता आणि तो थांबणार नव्हता. मी गाडी नेहमीपेक्षा जास्त भरली. टायर मोठे, मग भीती कसली, असा सरळ विचार. बाया मागून चालत येत होत्या. मी दुसऱ्या गिअरमध्ये चढाला लागलो. गाडी अर्ध्यात गेली आणि धापा टाकायला लागली. पहिला टाकला. ती हात-दोन हात सरकली आणि थांबली. मग मी क्लच अर्धवट दाबून रेस करत राहिलो. व्हिडिओत असं कुणी केलेलं मी बघितलं नव्हतं, ते माझं स्वतःचं होतं. थोड्या वेळाने जळका वास आला आणि खालून धूर.

धोंडा अजून दहा पावलं पुढे होता. ज्याच्यासाठी एवढं केलं त्याच्यापर्यंत त्या दिवशी गाडी पोचलीच नाही.

मी खाली उतरून चाकांमागे दगड लावले. काकी वर आली, धुराकडे बघितलं. हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

"ट्रक कितक्या वेळान येतलो?"

"तासाभरात."

ती मागे वळून दोघींना म्हणाली, "उतरा गो क्रेट." मग मला म्हणाली, "तूय उचल."

आम्ही चौघांनी क्रेट डोक्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत नेले. मी चौथ्या खेपेलाच बसलो. बाया येत-जात होत्या. वर शेजाऱ्याचा तीनचाकी टेम्पो बोलावला होता. त्याचे टायर पिठाच्या चाळणीएवढे. त्याने दोन फेऱ्यांत सगळा माल नाक्यावर नेला आणि ट्रक मिळाला. मी रस्त्याच्या कडेला बसून होतो. काकी पदराने मान पुसत शेजारी येऊन बसली आणि तो धोंडा होता तिकडे बोट दाखवून म्हणाली, "रे, तो धोंडो काढूक कोणाक सांगलंस कधी?"

मी विचार केला. कोणालाच सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं पहार घेऊन आली. मी घरी चहा सांगायला गेलो आणि परत येईपर्यंत धोंडा निघून बागेच्या दगडी गडग्याला लागला होता. वर्षानुवर्षं मी ज्याला खडक समजत होतो तो सुटा दगड होता. त्या दोघांनी चहा मात्र सावकाश घेतला.

नवा क्लच बसवून गाडी पासिंगला नेली. साहेब तरुण होता, शांत होता. मी सरकारी मराठीत तयारी करून गेलो होतो. "आमचा भाग डोंगराळ असल्याकारणाने," मी सुरुवात केली. त्याने खिशातून टेप काढला, टायर मोजला, नोंदणीच्या कागदावर बघितलं.

"हे टायर या गाडीचे नाहीत."

"साहेब, ग्राउंड क्लिअरन्सच्या दृष्टीने..."

"गाडीचे टायर लावून आणा. ठोकळेही काढा." तो पुढच्या गाडीकडे गेला.

मग दान परत मागण्याचा कार्यक्रम झाला. गोठ्यावरचे दोन टायर शेजाऱ्याने दिले, पण त्यांच्या जागी मला चार चिरे नेऊन ठेवावे लागले. चिरे हलवण्याचा मला आता सराव होता. चुलतभाऊ मात्र होडीत जाळं आवरत बसला होता, तो मान वर न करता म्हणाला, "दिलला परत मागतंस?"

"पासिंग अडलंय रे."

"होडयेक सवय झाली मरे त्यांची." पण त्याने दोऱ्या सोडल्या. नशिबाने दोरी ओवायला भोकं पाडलेली नव्हती. टायरवाल्याने ठोकळे काढले, चारही टायर धुऊन बसवले आणि धुण्याचे पैसे वेगळे लावले नाहीत. एवढा समजूतदार माणूस मी दुसरा बघितला नाही. गाडी पास झाली. साहेब जवळ येऊन वाकला तेव्हा त्याने नाक आक्रसलं, कारण पुढच्या दोन टायरांना अजून बांगड्याचा वास होता. पण वासाबद्दल नियम नसावा.

मोठे टायर पुढे एका खडीवाल्याने नेले. 

पाऊस संपल्यावर एके सकाळी बायको म्हणाली, "माका गाडी शिकवा."

"आत्ता कशाला?"

"आता पायरेक माझे पाय पुरतत."

सड्यावर मोकळी जागा आहे, तिथे शिकवली. ती प्रश्न विचारायची आणि उत्तर मिळेपर्यंत गाडी हलवायची नाही.  आरशात जे दिसतं ते खरं किती लांब असतं हे तिने विचारलं तेव्हा मी खाली उतरून पावलं मोजून आलो. महिन्याभराने तिने बागेतून कापलेल्या गवताने भरलेली गाडी चढावर काढली. खालीच पहिला गिअर टाकला, तो वरपर्यंत बदलला नाही, आणि घाई केली नाही. बाया मागून चालत येत होत्या, त्या आणि गाडी जवळजवळ बरोबरच वर पोचल्या.

या हंगामात गाडी तीच काढते. मी डावीकडे बसतो, पावत्या सांभाळतो. परवा नाक्यावर हवा भरायला थांबलो. हवावाला नळी घेऊन माझ्या खिडकीशी आला आणि मला विचारलं, "काका, मागे किती टाकू?" मी आठवत होतो, तोवर पलीकडून तिने आकडा सांगितला, पुढचा वेगळा, मागचा वेगळा. तो तिकडे गेला. मी पावत्या पुन्हा एकदा क्रमाने लावल्या.