स्टुटगार्टला उतरायचं कुठे?

आमच्या ऑफिसातलं कुणी जर्मनीला जाऊन आलं की पहिल्या दिवशी चॉकलेटचा डबा फिरतो आणि दुसऱ्या दिवसापासून किस्से फिरायला लागतात. गंमत म्हणजे त्यात कामाचा विषय कधीच नसतो. क्लायंट काय म्हणाला, टेस्टिंग पास झालं की नाही, ते सगळं रिपोर्टात जातं आणि तिथेच राहतं. सांगण्यासारखं जे काही असतं ते राहण्याच्या जागेत घडलेलं असतं. आणि राहण्याची जागा बघणारी मी, त्यामुळे प्रत्येक किस्सा आधी माझ्या टेबलापाशी येतो.

मी सुचेता गोरे. नवऱ्याच्या नोकरीमुळे पुण्याहून नागोयाला आले. मुलगी लहान होती तोवर घरीच होते, तेवढ्यात जपानी शिकले आणि मग गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत लागले. आमचे इंजिनिअर, जपानी आणि मराठी दोन्ही, कामासाठी स्टुटगार्टला जात-येत असतात. त्यांची तिकिटं आणि हॉटेलं बघणं हे माझं काम. मी स्वतः अजून जर्मनीत पाऊल ठेवलेलं नाही. पण कुठल्या कोपऱ्यावर बेकरी आहे आणि कुठल्या ट्रामस्टॉपला लिफ्ट नाही, ते मला विचारा.

परवा घरी लॅपटॉपवर मी त्या शहराचा नकाशा उघडून बसले होते. माझी मुलगी इरा मागे येऊन उभी राहिली आणि जपानीत म्हणाली, "आई, तिथे आपलं कोण राहतं?"

"कुणी नाही गं."

"मग रोज कुणाला शोधतेस?"

* * *

आमचे विभागप्रमुख हायाशी-सान साठीला टेकलेत. आवाज कधी चढत नाही आणि टाय कधी सैल होत नाही. प्रवासाच्या बाबतीत त्यांची एकच अट. "गोरे-सान, एकिमाए." म्हणजे हॉटेल स्टेशनच्या समोर हवं. जपानात सगळं जग स्टेशनसमोर असतं, त्यामुळे मलाही ते पटायचं.

ते पहिल्यांदा स्टुटगार्टला निघाले तेव्हा मी त्यांना बरोबर स्टेशनसमोरचं हॉटेल दिलं. आता, इथे जपानातल्या हॉटेलात टूथब्रश, दाढीचं सामान, सपाता, रात्री घालायचे कपडे सगळं मिळतं. हायाशी-सान आयुष्यभर असेच हिंडलेले. बॅगेत शर्ट, टाय आणि लॅपटॉप. बस.

पोचले रविवारी दुपारी. बाथरूममध्ये भिंतीला साबणाची एक बाटली, बाकी शुकशुकाट. खाली येऊन रिसेप्शनवर टूथब्रश मागितला तर तिथली मुलगी काळजीच्या सुरात म्हणाली, "तुमचा हरवला का?" बाहेर पडले तर रविवार, दुकानं बंद. गल्लीमागून गल्ली पालथी घातली. कुठे चिटपाखरू नाही.

परत आल्यावर ते हे मला शांतपणे सांगत होते आणि मी मनातल्या मनात माफीची वाक्यं जुळवत होते.

"सगळं शहर बंद होतं," ते म्हणाले. "फक्त स्टेशनातली दुकानं उघडी होती. तिथे टूथब्रश मिळाला."

मग म्हणाले, "म्हणून मी नेहमी सांगतो, गोरे-सान. एकिमाए."

* * *

देशमुख आमच्यातले सिनिअर इंजिनिअर. मूळचे साताऱ्याचे, पक्के शाकाहारी. त्यांना हॉटेल नको असतं. गॅस, कढई आणि भात शिजवायला भांडं एवढं असलं की झालं. एकदा त्यांना जास्त दिवस राहायचं होतं म्हणून मी एका जुन्या इमारतीत छोटा फ्लॅट घेऊन दिला. देशमुख खूश.

आठवडाभराने त्यांचा फोन आला. "सुचेता, अगं माझ्या दाराला कुणीतरी एक पाटी अडकवलीये. छान आहे, लाकडी आहे. तुला वाचता येतंय का बघ." त्यांनी फोटो पाठवला. मलाही काही कळलं नाही. देशमुखांना वाटलं, शेजाऱ्यांनी स्वागत केलंय. त्यांनी पाटी तशीच राहू दिली आणि येता-जाता दिसेल त्याला हसून नमस्कार करायला लागले.

दोन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या आजी वर आल्या. आधी पाटीकडे बोट दाखवलं, मग जिन्याकडे, मग हातातला झाडू त्यांच्या हातात दिला. तिकडे इमारतीतली बिऱ्हाडं आळीपाळीने जिना झाडतात आणि पाटी ज्याच्या दाराला, त्याची पाळी. देशमुखांनी जिना झाडला. आजी कठड्याला टेकून उभ्या होत्या. कोपरा राहिला की नुसता घसा खाकरायच्या. देशमुख कोपरा पुन्हा काढायचे.

हे सगळं चालू असताना नागोयाहून त्यांच्या बायकोचा, स्वातीताईंचा व्हिडिओ कॉल आला. इथे आमच्या कॉलनीतही कचऱ्याच्या जागेची साफसफाई घराघराने वाटलेली असते. देशमुखांच्या घराची पाळी आली की ती आजवर स्वातीताईंनीच केलेली. देशमुखांची त्या दिवशी हटकून मीटिंग असते.

स्वातीताईंनी स्क्रीनवर बघितलं. नवरा झाडू घेऊन पायरीवर वाकलेला, मागे अनोळखी आजी.

"अहो," त्या म्हणाल्या, "येताना बाकी काही आणू नका. ती पाटी तेवढी घेऊन या."

* * *

मृणाल सगळ्यांत लहान. सांगलीची, कॉलेजमधून थेट जपानला आलेली. जपानबाहेर एकटीने जायची तिची ती पहिलीच वेळ, त्यामुळे तिची आई काळजीत. जागा मात्र तिने स्वतः निवडली. खिडकीचा फोटो दाखवून म्हणाली, "ताई, हे बघ ना, खिडकीतून अख्खं शहर दिसतंय. आणि ऑफिस किती जवळ!"

अख्खं शहर दिसतंय म्हणजे खोली कुठे असेल, हा विचार ना तिच्या मनात आला ना माझ्या. नकाशात ते अंतर बोटभरसुद्धा नव्हतं.

स्टुटगार्ट म्हणजे एक खोलगट वाटी आहे आणि चहूबाजूंनी टेकड्या. ट्राममधून उतरून मृणालने मला फोन केला. "ताई, रस्ता संपला. पुढे जिना आहे."

"इमारतीचा?"

"नाही गं. रस्त्याचा. रस्ताच जिना झालाय."

मी स्क्रीनवर तिथल्या रस्त्यांचे फोटो उघडले आणि नागोयात बसून तिला वर चढवायला लागले. डावीकडे हिरवं फाटक दिसेल. दिसलं. पुढे बाक आहे, तिथे बस जरा. बसली. बॅग मोठी, धाप लागलेली, मधेच आईचा फोन येत होता तो ती कट करत होती. बाकावर बसलेल्या एका आजोबांनी विचारलं, कुणाशी बोलतेस? मृणालने सांगितलं, ऑफिसातल्या ताईशी; हिरवं फाटक, बाक, सगळी वाट तीच सांगतेय. आजोबांनी फोन मागून घेतला आणि मला इंग्रजीत विचारलं, "तुम्ही इथे कुठल्या वर्षी राहत होतात? ते फाटक तर आता निळं झालंय."

मृणालला हिरवं कसं दिसलं, ते मी अजून तिला विचारते. ती म्हणते, "ताई, त्या क्षणी तू जांभळं म्हणाली असतीस तरी मला दिसलं असतं."

* * *

एकदा तिथे मोठं औद्योगिक प्रदर्शन होतं. शहरात एक खोली मिळेना. हायाशी-सान आणि देशमुख दोघांनाही जायचं होतं. शेवटी गावाबाहेरच्या एका गेस्ट हाउसमध्ये एकच डबल रूम सापडली.

मी फोनवर खात्री करून घेतली. "गाद्या दोन आहेत ना?"

"दोन आहेत."

"पांघरुणं?"

"तीही दोन."

दोन्ही उत्तरं खरी होती. गाद्या दोन होत्या. पलंग एक होता.

साहेब आणि हाताखालचा माणूस एका पलंगावर, हे जपानीत कसं बोलायचं हे कुठल्याच पुस्तकात शिकवत नाहीत. दोघांनी एकमेकांना वाकून नमस्कार केला, आपापल्या कडेला सरकले आणि झोपले. देशमुख सांगतात, "मी इतका कडेला होतो की एक पाय जमिनीवरच होता."

सकाळी नाश्त्याला हायाशी-सान पावाला लोणी लावत म्हणाले, "देशमुख-सान, तुम्ही झोपेत बोलता."

देशमुखांच्या घशात पाव अडकला. "काय बोललो?"

"एकच गोष्ट. पुन्हा पुन्हा. 'उद्या बघू.' याचा अर्थ काय?"

देशमुख हुशार माणूस. क्षणभरही न थांबता म्हणाले, "सर, याचा अर्थ, जबाबदारी माझी, मी पूर्ण करीन."

हायाशी-सान गंभीर झाले. झोपेतसुद्धा कामाचा विचार करणारा माणूस त्यांनी पहिल्यांदाच पाहिला असावा.

गेल्या महिन्यात डेडलाइनची मोठी मीटिंग झाली. सगळं बोलून झाल्यावर हायाशी-सान उभे राहिले, आम्हा मराठी मंडळींकडे वळले, कमरेत वाकले आणि स्वच्छ उच्चारात म्हणाले, "उद्या बघू."

मृणाल न पडलेलं पेन शोधायला टेबलाखाली गेली ती लवकर वर आलीच नाही.

* * *

मोरिता-सान आमच्या अकाउंट्समध्ये आहेत. पन्नाशीच्या पुढच्या, एकट्या. आईला सांभाळत होत्या, ती गेल्या हिवाळ्यात गेली. कधी रजा घेतलेली नाही, कधी उशीर झालेला नाही. त्या एक दिवस माझ्या टेबलाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, "सुट्टी घेऊन स्टुटगार्टला जावं म्हणते. सगळ्यांकडून इतकं ऐकलंय. कुठे राहू?"

मी नेहमीचे प्रश्न विचारले. मध्यवस्तीत हवं की शांत ठिकाणी? खोली मोठी हवी का? त्या सगळ्याला "कसंही चालेल" म्हणत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी सकाळी नाश्त्याला आले नाही तर कुणाच्या तरी लक्षात येईल, अशी जागा असली तर बरं."

अशी सोय कुठल्याही वेबसाइटवर लिहिलेली नसते. मी शोधत राहिले. शेवटी द्राक्षमळ्याच्या टेकडीखाली एक वयस्कर विधवा बाई चालवतात ती चार खोल्यांची जागा सापडली. मी फोन केला तर त्यांनी तोडक्यामोडक्या इंग्रजीत पहिला प्रश्न विचारला, "तुमच्या पाहुण्यांना अंडं कसं लागतं? मऊ की घट्ट?" मी लगेच बुकिंग केलं.

मोरिता-सान गेल्या. पहिले काही दिवस काहीच बातमी नव्हती. मग एका दुपारी ऑफिसात माझा फोन वाजला. जर्मनीत सकाळ होती.

"तुमच्या मोरिता बाई नाश्त्याला आल्या नाहीत," मालकीणबाई म्हणाल्या. "मी दार वाजवलं. मग किल्लीने उघडलं. आत नाहीत. फोन इथेच गादीवर पडलाय."

नातेवाईक कुणी नाही, कळवायचं तरी कुणाला? हायाशी-सान खुर्ची ओढून माझ्याजवळ येऊन बसले. मालकीणबाई शेजाऱ्याला घेऊन ट्रामस्टॉपपर्यंत बघून आल्या, परत फोन केला. चर्चमध्ये बघितलं, परत फोन केला. बागेत, बेकरीत, प्रत्येक वेळी परत फोन. शेवटी आता पोलिसांना कळवते म्हणाल्या, आणि बोलता बोलता मधेच थांबल्या. मला दार उघडल्याचा आवाज आला. मग फोन कुठेतरी ठेवल्याचा. मग जर्मन भाषेत जे काही सुरू झालं ते मी आणि हायाशी-सान कितीतरी वेळ ऐकत होतो.

मोरिता-सान द्राक्षमळ्यातून फिरून आल्या होत्या.

सुट्टी संपवून त्या ऑफिसात आल्या, चॉकलेटचा डबा माझ्यापुढे ठेवला आणि सगळ्यांना त्रास दिल्याबद्दल वाकून माफी मागितली.

"बाई फार रागावल्या का?" मी विचारलं.

"हो. दारातच. माझे दोन्ही दंड धरून. मला एक शब्द कळला नाही."

डब्याचं झाकण त्यांनी उघडलं, परत लावलं. मग म्हणाल्या, "गोरे-सान, त्या मला शोधत होत्या तेव्हा तुम्हाला काय काय म्हणाल्या?"

मी सांगितलं. दार वाजवलं ते, किल्ली, ट्रामस्टॉप, चर्च, बाग, बेकरी. मधेच एकदा त्या फोनवर म्हणाल्या होत्या की अंडं गार होऊ नये म्हणून त्यावर लोकरीची टोपी घालून ठेवलीये, तेही सांगितलं.

मोरिता-सान खुर्चीच्या कडेला बसून ऐकत होत्या. मी थांबले तेव्हा त्यांनी खुर्ची थोडी पुढे घेतली.

"पुन्हा एकदा सांगाल का?" त्या म्हणाल्या. "दार वाजवलं तिथपासून."