दुसरी उडी

दिग्रसच्या बंद पडलेल्या जिनिंगमध्ये, सरकी काढायच्या कारखान्यात, मी चौकीदार होतो. ढाक्याहून एक म्हातारा दिग्दर्शक मारधाडीच्या सिनेमासाठी जागा बघायला आला. उंच छपराकडे पाहत तो हिंदीत म्हणाला, "इथून कापसाच्या ढिगावर उडी मारता येईल?"

"कापूसच येऊन नाही राह्यला, सायेब. ढीग कायचा लावू?"

त्याला हायसं वाटलं असावं. तो पायरीवर बसला आणि गुडघे चोळत राहिला. मग त्यानं सांगितलं, त्याच्या एका सिनेमात फाइट करणारा माणूस अशीच उडी मारताना मेला होता.

"पहिली उडी चांगली झाली होती. दुसरी मीच मारायला लावली."

मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्याचं लक्षच नव्हतं.

"त्याच्या बायकोला अजून वाटतं, तो पहिल्याच उडीत गेला."