अंगठ्याआधी

कळंबच्या कोर्टाबाहेर लिंबाखाली एक म्हातारे अर्जनवीस बसत. निजामाच्या राज्यात त्यांची हयात उर्दू अर्ज लिहिण्यात गेली. आता इंग्रजी आली होती. कायदा शिकणारा मी, सुट्टीत त्यांच्याशेजारी बसून इंग्रजी मसुदे लिहायचो.

एका बाईंचा वाटणीचा अर्ज मी मोठ्या झोकात लिहिला आणि अंगठ्यासाठी शाईची डबी मागितली. म्हाताऱ्यांनी डबीवर हात ठेवला.

"आधी बाईला मराठीत सांगा."

मी अडखळत सांगितलं. बाईंनी शेवटपर्यंत ऐकलं.

"समदं खरं हाय. पण माझी हीर कुठंय ह्यात?"

विहिरीसाठीच तर त्या आल्या होत्या.

म्हाताऱ्यांनी डबी न उघडता कोरा कागद माझ्यापुढं सरकवला.

"इंग्रजी लई चांगली हाय तुमची, वकीलसाब. आता बाईचा अर्ज लिहा."