साखऱ्याची पयली डॉक्टरीण

पडदा सरकतो. २००७ सालच्या चौदा एप्रिलची संध्याकाळ. साखऱ्याच्या विहारापुढं निळा मांडव, बांबूला बांधलेला एकच बल्ब, त्याच्याभोवती घोंगावणारे किडे. मंचाच्या कडेला पेटीवर हात ठेवून मी, जन्मभर जलशांत गायलेला म्हातारा. आणि समोरून प्रवेश करते पल्लवी, विधवा सोजराबाईची एकुलती लेक.

आमच्या वस्तीची रीत अशी, की शिकून पुढं गेलेल्या लेकराला जयंतीला मंचावर बोलवायचं, हार घालायचा आणि ते काय झालं ते माइकवर सांगायचं. मास्तर, तलाठी, नर्स. एक शब्द पडला की टाळ्या. पल्लवीचा शब्द मात्र कुणाच्या जिभेवर बसेना. नांदेडला तिनं बायोइन्फर्मेटिक्समध्ये एम.एस्सी. केलेलं, आता हैदराबादच्या कंपनीत नोकरी. जयंती समितीचा अध्यक्ष संतराम तिला मंचामागं विचारत होता.

"औषध शोधायचं काम हाय का?"

"त्याच्या आधीचं, काका. प्रत्येक जिवाच्या पेशीत अक्षरांसारखी लांबच लांब ओळ असती. ती कॉम्प्युटरवर ताडून बघायची, कुठं बदल झाला ते हुडकायचं. औषध दुसरे करतेत."

"म्हंजे डॉक्टरच की! लाजतीस काहून?"

आणि माइकवर गरजला, "साखऱ्याची पयली डॉक्टरीण!"

टाळ्यांनी मांडव हलला. सोजराबाई पदर तोंडाला लावून रडत होती. पल्लवीनं माइक घेतला, मायकडं पाहिलं, नुसतं "जय भीम" म्हणाली आणि खाली उतरली.

सकाळी सोजराबाईच्या दारात ही गर्दी. भिकाबाईचा गुडघा, कुणाचं तापलेलं लेकरू, तांड्यावरच्या लखमाची तर शेळीच. पल्लवी हात जोडून एकेकाला खरं सांगत राहिली. तापलेल्या लेकराला तिनं स्वतः जवळच्या गोरेगावच्या दवाखान्यात नेलं. परतली तेव्हा भिकाबाई ओट्यावरच बसलेली. "मंग दोन वर्सं नांदेडला काय करून राहिली होती बाई?"

सोजराबाई चुलीपुढून उठली नाही. "मला एक शब्द तर दे. लोकायला काय सांगू?"

"बस, समजावते तुला."

"समजून काय करू? सांगता आलं पायजे."

मग पल्लवी माझ्या अंगणात येऊन बसली. "नाना, तिकडं दिवसभर मशीनपुढं असते. संध्याकाळी खोलीवर बोलायलाबी कुणी न्हाई. वाटलं होतं, घरी तरी माय इचारील, लेकी, तू करतीस तरी काय." मी पाण्याचा तांब्या तिच्यापुढं सरकवला.

शेवटचा प्रवेश गोरेगावच्या जीप थांब्यावर. मीही निरोपाला गेलो होतो. ड्रायव्हर म्हणाला, "डॉक्टरीणबाई, तुमी पुढं बसा."

"डॉक्टर न्हाई ती," सोजराबाई म्हणाली.

"मंग कोण हायती?"

सोजराबाईनं तोंड उघडलं. पल्लवी तिच्या ओठांकडं बघत राहिली. शब्द आला नाही. जीप सुरू झाली, धुरळा उडाला, आणि त्या धुरळ्यातून पल्लवीनं मान बाहेर काढली.

"माय, कुणी इचारलं तर माझी लेक हाय म्हण. तेवढंच म्हण."